वाऱ्यावर हललेली वीट

“वीट दिसली की वीट दाखव. लाकूड दिसलं की फोन फिरव. एवढंसुद्धा जमणार नाही तुला?”

“आणि आबाजींनी सरळ विचारलं, भिंत कशाची आहे, तर?”

“तर फोन माझ्याकडे दे.”

“म्हणजे तू खोटं बोलणार.”

“खोटं कशाला बोलेन? विषय बदलेन.”

विवेक हे इतक्या शांतपणे म्हणाला की तनयचं डोकं आणखीच सणकलं. बाप समोर उभा कसा, तर वर मीटिंगसाठी इस्त्री केलेला शर्ट, खाली गुडघ्यांवर फुगे आलेली ट्रॅकपँट आणि काखेत वॉलपेपरची गुंडाळी. साधासुधा वॉलपेपर नाही, विटांचा. कागदावर छापलेल्या लाल विटा, मध्ये सिमेंटच्या रेघा, एखाद्या विटेवर मुद्दाम पाडलेला डाग. लोक असला कागद लावून कॅफे सजवतात. विवेकला त्याने स्वतःच्या बापाला, आबाजींना, फसवायचं होतं. काल तो दुकानात गेला तेव्हा रंग जुळवून बघायला घराच्या खऱ्या विटेचा तुकडा खिशात घालून गेला होता.

“खरी वीट खिशात घालून खोट्या विटा आणायला गेलास तू,” तनय म्हणाला. “काही वाटतं का तुला?”

“आवाज खाली. डेक्लन बाहेर उभा आहे.”

“त्याला मराठी येतं?”

“भांडण कुठल्याही भाषेत कळतं.”

डेक्लन म्हणजे खिडक्या बसवणारा. तो आणि त्याचा मेव्हणा. मेव्हणा कधीच बोलायचा नाही, त्यामुळे दोघांचं मिळून डेक्लनच बोलायचा. आयर्लंडमधल्या मेनूथच्या त्या इस्टेटमधली, म्हणजे वसाहतीतली, सगळी घरं पुढून सारखी लाल विटांची, जोडीजोडीने उभी. आणि सगळ्यांच्या खिडक्यांना एकच रोग झाला होता. दुहेरी काचेच्या मध्ये पाणी शिरून कायमचं धुकं बसलेलं. सकाळी पडदा सारला तरी उजाडलंय की नाही ते कळायचं नाही. सगळा हिवाळा बांधकामं बंद होती, कोरोना. मग जूनमध्ये एकदाचा डेक्लन आला, तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, आणि पहिली खिडकी त्याने मागच्या बाजूची काढली.

आणि विवेकचं घर उघडं पडलं.

खिडकी निघाल्यावर भिंत कडेने दिसते. केक कापला की आत काय भरलंय ते दिसतं, तशी. बाहेरून विटेचा एकच थर. मग मोकळी फट. मग काळपट कागद, मग फळी, मग लाकडाचे उभे खांब, त्यांच्यात कोंबलेला पिवळा कापूस, आणि सगळ्यात आत बोटाने वाजवलं तर टकटक करणारा पांढरा बोर्ड.

“वीट म्हणजे रेनकोट,” डेक्लन सहज म्हणाला. “घर उभं आहे ते लाकडावर. ग्रँड आहे, काही काळजी नको. अर्धी इस्टेटं अशीच आहेत.”

विवेक जिन्यावर जाऊन बसला.

तनय तेव्हा तिथेच होता आणि त्याने नीट बघितलं होतं. बापाला घर पडेल अशी भीती वाटलीच नव्हती. त्याला भीती वाटली ती नागपूरची.

नागपुरात आबाजी होते. पुरुषोत्तम आबाजी, पीडब्ल्यूडीतून रिटायर झालेले एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. त्यांच्या मते लाकूड चौकटीपुरतं आणि शेवटी सरणापुरतं, मधल्या आयुष्यात त्याचं काही काम नाही. विवेकने घर घ्यायच्या आधी पुढच्या भिंतीवर बोटाची पेरं आपटून पाहिली होती, हाताला लागलं म्हणून खूश झाला होता आणि फोटो पाठवून दिला होता. आबाजींनी तो मोठा करून फ्रेम केला आणि हॉलमध्ये लावला. घरी कोणी आलं, अगदी गॅस सिलिंडरवालासुद्धा, की त्याला सांगायचं, “विवेकचं घर. विटांचं. नऊ इंची भिंत आहे.” नऊ इंची हे त्यांनी स्वतःच ठरवलेलं. कोणी त्यांना अडवलं नाही. या घराण्यात अडवायची पद्धतच नव्हती.

आता खिडक्या बदलताहेत म्हटल्यावर आबाजींनी निरोप पाठवला. पुढची मोठी खिडकी काढाल तेव्हा व्हिडिओ कॉल करा, भिंतीची जाडी पाहायची आहे. आणि एकटे नाही बघणार, मित्रांना बोलावतो.

“कॉल करूच नको,” पद्मजाने नवऱ्याला सांगून पाहिलं. पद्मजा, तनयची आई, बॉक्स रूममध्ये लॅपटॉपसमोर बसून दिवसभर लोकांच्या मीटिंगांना मान डोलवायची. “सांग, नेट बंद आहे.”

“ते मला फोन करून नेटवाल्याचा नंबर मागतील. त्याला झापतील.”

हे खरं होतं.

आणि तनयचं? तनयची बॅग दाराजवळ भरून तयार होती. स्लायगोला समुद्राकाठी एका कॅरव्हॅन पार्कमध्ये, सुट्टीला येणाऱ्यांच्या चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, त्याला काम मिळालं होतं. गवत कापायचं, कचऱ्याचे डबे ओढायचे, गॅसचे सिलिंडर बदलायचे. या उन्हाळ्यात परदेशी जायची चोरी, त्यामुळे सगळा देश कॅरव्हॅनमध्ये जाऊन बसणार होता आणि मालकाला माणसं कमी पडत होती. आज संध्याकाळपर्यंत पोचला नाहीस तर दुसरा मुलगा घेतो, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. ट्रेन इथूनच जायची, सरळ स्लायगोपर्यंत.

शाळा तनयने जानेवारीतच सोडली होती. सोडली म्हणजे काय, तास ऑनलाइन चालू होता, मास्तर एकेकाला नाव घेऊन उठवत होते, “तनय, आर यू विथ अस?” आणि तनयला एकदम कळलं की, नाही, आपण नाही आहोत. त्याने कॅमेरा बंद केला, मग लॅपटॉप बंद केला, आणि तो परत उघडला नाही. त्यावरून घरात रडारड झाली, प्रिन्सिपलचे फोन झाले, विवेकने जेवण सोडून पाहिलं, मग भूक लागली म्हणून परत धरलं. शेवटी स्लायगोला जा म्हणाले, लांब चेहऱ्याने का होईना.

फक्त आबाजींना यातलं काहीही माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, “तनय मेनूथला शिकतो.” मेनूथला युनिव्हर्सिटी आहे हे आबाजींनी कुठेतरी वाचलं, आणि नातू युनिव्हर्सिटीत गेला. पुन्हा, कोणी अडवलं नाही.

तनयला खोट्याचं तसं काही वाकडं नव्हतं. तो प्रिन्सिपलशी, गार्डांशी म्हणजे तिकडच्या पोलिसांशी, दाताच्या डॉक्टरशी बिनधास्त खोटं बोलायचा. पण मागच्या रविवारी आबाजी फोनवर म्हणाले, “तुझं सांगताना माझा आवाज आपोआप मोठा होते रे,” आणि ते वाक्य तनयच्या डोक्यातून अजून गेलं नव्हतं. म्हणून त्याने ठरवलं होतं. निघायच्या आधी आबाजींना सांगायचं. स्वतःच्या तोंडाने. नाहीतर तिकडे गवत कापत बसू आणि नागपुरात आपली डिग्री चालू राहील.

“आज मी त्यांना सांगणार आहे,” तो बापाला म्हणाला. “माझं.”

“आज नाही. आज भिंतीचं आहे. तुझं पुढच्या रविवारी.”

“नंबर लावलाय का तू?”

“तनय, तिकडे लोक बसलेत. चारचौघांत त्यांचा...”

“आई!” तनय ओरडला. “याला सांग काहीतरी!”

पद्मजा आली ती हातात पातेलं घेऊन. वॉलपेपर आणताना तो चिकटवायचा गोंद आणायचा विवेक विसरला होता. विटेचा तुकडा आठवला, गोंद नाही. मग पद्मजाने किचनच्या कपाटातला मैद्याचा डबा काढला आणि आकाशकंदिलाला करतो तशी खळ शिजवली. गुठळ्या झाल्या होत्या.

“भांडा नंतर,” ती म्हणाली. “थंड झाली की चिकटणार नाही. माझी बाराला मीटिंग आहे.”

डेक्लन आणि मेव्हण्याने पुढची खिडकी उचलून बाहेर लॉनवर ठेवली होती. भिंतीत मोठं चौकोनी भोक, त्यातून रस्ता, समोरची घरं आणि आकाश थेट दिवाणखान्यात. नवी खिडकी बाजूला भिंतीला टेकवून तयार. आणि हे नवराबायको त्या भोकाच्या लाकडी कडेवर विटांचा कागद चिकटवायला लागले. विवेक फळीवर खळ फासत होता, पद्मजा कागद दाबत होती. तनय हात बांधून उभा होता, कारण त्याने या कामाला हात लावणार नाही असं जाहीर केलं होतं, पण कागद तिरका जातोय म्हटल्यावर “डावीकडे घे, डावीकडे” असं तोंडातून निघालंच.

डेक्लन भोकातून आत डोकावला. त्याने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ही बाजू आता खिडकी बसल्यावर झाकलीच जाणार आहे, कळतंय ना तुम्हाला?

विवेक खळ फासतच राहिला. पद्मजा मात्र वळून गोड हसली आणि इंग्लिशमध्ये म्हणाली, “इट्स अ रिलिजस थिंग.”

डेक्लनने तत्काळ टोपी काढली. मेव्हण्यानेही काढली. दोघं चार पावलं मागे सरून लॉनवर हात पुढे जोडून उभे राहिले, मयताला राहतात तसे.

“आई!”

“काय आई? दहा मिनिटं मिळाली ना? लाव फोन.”

फोन लावला. नागपुरात संध्याकाळच्या चहाची वेळ. आबाजींच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या अंतर ठेवून मांडलेल्या, पण चहा आल्यावर सगळ्या जवळ ओढलेल्या. मास्क हनुवटीवर. आबाजींच्या उजव्या हाताला सतीशराव, सिंचन खात्यातून रिटायर. डाव्या हाताला मोरेश्वरकाका, बँकेतून. दोघांचे चष्मे फोनवर लागलेले.

“हां, दिसून राहिलं,” आबाजी म्हणाले. “तनय, तू आहे का? जाडी दाखव बापा आधी.”

तनयने फोन भोकाच्या कडेवर नेला. कागदाच्या विटा स्क्रीनवर खरंच बऱ्या दिसत होत्या. त्याला स्वतःचाच राग आला.

“पाहा सतीशराव, काय भरीव काम आहे!” आबाजी म्हणाले. “आपल्याकडे कंत्राटदार दोन विटा पुढं लावतात अन् मागं भुसा भरतात. विवेक, नऊ इंची आहे न?”

“वर आहे बाबा. नऊच्या वर,” विवेक लांबूनच म्हणाला. जाडी खरंच वर होती. त्यात कापूस होता, एवढंच.

“ठोकून दाखव.”

विवेकने याची तयारी केली होती. हातोडी घेऊन तो दारातून बाहेर धावला आणि बाहेरच्या खऱ्या विटेवर ठाण ठाण ठोकायला लागला. आत तनय फोन कागदावर धरून उभा. आवाज बाहेरचा, चित्र आतलं. लॉनवर मेव्हण्याने हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला मान खाली घातली.

“वाह,” मोरेश्वरकाका म्हणाले. “आवाज पाहा कसा आहे.”

तेवढ्यात वारा आला. फार नाही, आयर्लंडमध्ये त्याला वारासुद्धा म्हणत नाहीत. वरच्या कोपऱ्यातली वीट सुटली. सुटली, पुढे वाकली आणि फडफडायला लागली. मग तिच्या खालची. मागून मैद्याची पांढरी लाळ लोंबायला लागली.

पार्किंगमधले दोन्ही चष्मे पुढे सरकले.

“पुरुषोत्तमराव,” सतीशराव हळूच म्हणाले, “ती वीट हलून राहिली.”

आबाजी फोनच्या इतके जवळ आले की स्क्रीनवर एक डोळा आणि अर्धं नाक उरलं. त्या डोळ्याने आयुष्यभर पूल तपासले होते, शाळा तपासल्या होत्या, सिमेंट कुठे आहे आणि कुठे नुसती राख हे उभ्या उभ्या ओळखलं होतं. तो डोळा त्या विटेवर थांबला. मग तनयवर थांबला. तनयला कळलं की यांना कळलं.

“नेटवर्क आहे ते,” आबाजी मागे सरून म्हणाले. “फॉरेनचं सिग्नल असंच येते. चित्र हलते.”

तनयचं डोकं फिरलं ते इथे. बापाने खोटं बोलावं हे ठीक, त्याची सवय होती. पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्यांनीच? त्याने एका हाताने कागद धरला आणि टर्रकन् खालपर्यंत फाडला.

“आबाजी, कागद आहे हा! आईने मैद्याने चिकटवलाय. हे बघा, हे लाकूड. हा कापूस. वीट फक्त बाहेरून एक थर. लाकडाचं घर आहे आमचं!”

विवेक हातोडीसकट आत आला आणि दारातच थिजला.

आबाजींनी घसा साफ केला. खुर्च्यांकडे वळले.

“टिंबर फ्रेम,” ते म्हणाले. “मी तेच म्हणून राहिलो होतो. भूकंपाला याच्याइतकं दुसरं काही नाही. जपानमध्ये सगळं हेच.”

“आयर्लंडमध्ये भूकंप होते का?” मोरेश्वरकाकांनी विचारलं.

“नाही होत. पण तयारी ठेवतात न ते लोक.”

दोघांनी माना डोलावल्या. विवेकच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. एवढं सोपं होतं होय! त्याने वॉलपेपरवर उगाच एक अख्खी संध्याकाळ घालवली होती.

“आणि मी शिकत नाहीये,” तनय म्हणाला.

“हां, सुट्ट्या लागल्या असतील.”

“सुट्ट्या नाही. शाळा सोडली मी. जानेवारीत. युनिव्हर्सिटीत तर कधी गेलोच नव्हतो.”

“गॅप इयर,” आबाजी खुर्च्यांना म्हणाले.

“माझ्या साडूच्या नातवानंही घेतला,” सतीशराव म्हणाले. “चांगलं असते म्हणतात.”

“गॅप इयर नाही! मी कॅरव्हॅन पार्कमध्ये कामाला चाललोय. आज. गवत कापायला.”

“लँडस्केपिंग.”

“कचऱ्याचे डबे ओढणार आहे मी, आबाजी!”

“वेस्ट मॅनेजमेंट. फार स्कोप आहे त्यात आता. तिकडं पाहा, आधी प्रॅक्टिकल, मग थिअरी. आपल्याकडं उलटं.”

“अगदी तसंच आहे बाबा,” विवेक मागून म्हणाला.

तनयने बापाकडे असं बघितलं की विवेक एक पाऊल मागे गेला. काय करायचं या लोकांचं? खरं सांगितलं की ते झेलतात, पुसतात, चकचकीत करतात आणि शेजाऱ्याच्या हातात देतात. फेकून मारलं तरी लागत नाही.

मग आबाजी उठले. “थांबा हो, रेंज जाऊन राहिली इथं,” असं म्हणून चालायला लागले. स्क्रीनवर पार्किंगचं छत, एक ट्यूबलाइट, झाकण घातलेली स्कूटर. एका खांबामागे जाऊन ते थांबले. आता फक्त चेहरा. पार्किंगमधला स्वतःचा मोठा आवाज त्यांनी तिथेच खुर्चीवर ठेवला होता.

“जेवायची काय सोय आहे तिथं?” ते म्हणाले.

तनयने फोन जवळ घेतला. “किचन आहे. सगळ्यांचं मिळून.”

“तुला काय येते?”

“अंडी. मॅगी.”

“वरण येते का लावता?”

“नाही.”

“हं.” त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. “आईकडून शिकायचं होतं. बूट घे चांगले. गवतात ओल असते, पाय सडतात.”

“घेतलेत.”

“बरं केलं.”

“आबाजी,” तनय हळू म्हणाला. त्याला स्वतःचा इतका हळू आवाज ओळखीचा नव्हता. “तुम्ही त्यांना खरं सांगाल ना?”

आबाजींनी खांबाआडून खुर्च्यांकडे एकदा बघून घेतलं.

“तू जाऊन राहिला बापा,” ते म्हणाले. “मला इथंच राहायचं आहे.”

रागवावं असं हे वाक्य होतं, पण तनयला राग आला नाही. त्याला एवढंच दिसलं की आबाजींच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय आणि तिथे त्यांनी सेफ्टी पिन लावली आहे.

“आलो, आलो!” आबाजी ओरडले आणि निघाले. परत छत, ट्यूबलाइट, खुर्च्या. आवाज परत मोठा. “विचारून घेतलं मी सगळं. राहणं, जेवण त्यांच्याकडंच. डायरेक्ट मॅनेजमेंटच्या खाली घेतलं म्हणते.”

“अरे वा!” मोरेश्वरकाका पुढे सरसावले. त्यांचा चष्मा स्क्रीनभर झाला. “तनयबाबू, आमचा नातू यंदा बारावी पास होते. तुझ्या कोर्सबद्दल त्याला दोन शब्द सांगशील? थांब, त्याला वरून बोलावतो. ए, लिफ्ट थांबव रे! त्याला म्हणा, आयर्लंडहून फोन आहे!”

विवेक हातोडीने खुणा करत होता, सांग, सांग. पद्मजा दारात उभी होती. तिची मीटिंग चालू होती, कानात इअरफोन, आणि ती तनयकडे बघून मान डोलवत होती की मीटिंगकडे, ते कळत नव्हतं. स्क्रीनवर मोरेश्वरकाकांच्या मागे आबाजी. ते तनयकडे बघत नव्हते. शर्टाची पिन चाचपत होते.

तनयने बॅग खांद्याला लावली. पॅसेजमध्ये डेक्लनचं सामान पसरलेलं होतं, म्हणून त्याने भोकाच्या कडेवर पाय टाकला, एक पाय आत, एक बाहेर. फोन बापाच्या हातात द्यायच्या आधी त्याने तो तोंडाजवळ धरला.

“काका, कोर्स नाहीये. तिथे गवत आहे आणि मला कामाला लागायचंय. नातू आला की आबाजींना विचारा. मी निघतो, मला आता जायला हवं.”